अकरा दिवसांची हाक

आमच्या छावणीत दोन तऱ्हेची माणसं येतात. एक, जी हरवतात. दुसरी, ज्यांना कुणीतरी हरवून टाकतं. हरवलेली बाई आल्या आल्या रडते, नवऱ्याला शिव्या घालते, पोलिसाची बाही ओढते. टाकलेली म्हातारी गप्प बसते, आणि विचारलं की घरच्यांचं कौतुक सांगते. तेवीस माघ मी हेच बघत आलेय. बाई बांबूच्या कुंपणातून आत आली की मला कळतं ही कुठल्यातली.

मी गेंदा, दारागंजच्या मल्लाहांच्या वस्तीतली. नवरा नाव चालवायचा, तो गेल्यावर थोरला चालवतो. पौषी पौर्णिमेपासून माघी पौर्णिमेपर्यंत गंगेच्या वाळूत तंबूंचं अख्खं शहर बसतं, आणि त्यात तरंगत्या पिंपांच्या पुलाजवळ हरवलेल्यांची छावणी असते. तिथं माईकवर नावं पुकारायचं काम माझं. अमक्या गावचे तमके, तुमची बायको इथं बसली आहे, या. माझा आवाज पुलापलीकडे झूंसीपर्यंत जातो. छावणीचे मुख्य त्रिभुवनबाबू म्हणतात, गेंदाला माईक कशाला दिलाय देव जाणे. हे ते ओरडून म्हणतात, कारण चाळीस वर्षं भोंग्याखाली बसून त्यांचे कान गेलेत.

पण मला माझं नाही, जगरानाचं सांगायचंय.

जगराना महुआरीपूरच्या मिसिरांची लेक आणि कुंड्याकडच्या तिवाऱ्यांची सून. ठेंगणी, रुंद, पुढचे दोन दात पडलेले, तरी बोलणं ठणठणीत. चौदाव्या वर्षी लग्न, पाच बाळंतपणं, तीन पोरं जगली. नवरा होता तोवर त्याच्याशी भांडली, तो गेल्यावर दिरांशी भांडली आणि पोरांच्या वाट्याचं घर राखलं. उडदाच्या वड्या अशा घालते की चार गावांतली लग्नं तिच्या वड्यांवर निघतात. आणि राग धरते. राग सगळेच धरतात, मीही धरते, पण ही बाई तो लोणच्यासारखा बरणीत घालून ठेवते. शेजारणीच्या पोरानं हिच्या कडुनिंबाची फांदी तोडली, तर एकोणीस वर्षं त्या घराला ना चुलीचा विस्तव दिला, ना चिमूटभर मीठ. शेजारीण वारली तेव्हा जाऊन बसून आली, हातपाय धुतले आणि म्हणाली, "फांदी मात्र तोडायला नको होती." हे तिनंच मला सांगितलं, तेही मोठ्या तोऱ्यात.

आमची गाठ पडली गेल्या वर्षी, मौनी अमावस्येला. त्या दिवशी वाळू दिसत नाही, नुसती डोकी दिसतात. जगराना पोरगा-सुनेसोबत स्नानाला आली होती, पदराला पदर बांधलेला सुटला आणि ही एकटी पडली. छावणीत आली ती भांडतच.

"माझा पोरगा हरवलाय," ती म्हणाली. "त्याला हाक मार."

"पोरगा नाही, तू हरवलीस."

"मी कशी हरवेन? मी इथंच आहे."

म्हटलं, बाई आपल्या जातकुळीची आहे. पोराचं नाव, सासरचं गाव लिहून घेतलं. मग माहेर विचारलं. ते विचारावंच लागतं. घाबरलेल्या बायकांना सासरचा पत्ता धड सांगता येत नाही, माहेरचा मात्र चिंचेच्या झाडासकट सांगतात.

"महुआरीपूर," ती म्हणाली. "मिसिरांचं घर."

माझं लिहिणं थांबलं. "शिवबरन मिसिर तुझा कोण?"

"भाऊ. धाकटा नाही, थोरला. का? तू कशी ओळखतेस? भगत माणूस आहे तो. इथंच कल्पवासाला बसलाय, यंदाचं अकरावं वर्ष."

मला गप्प बसता आलं असतं. शहाण्या बाईनं गप्पच बसावं. पण भगत हा शब्द ऐकला आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"तुझ्या आईनं सांगितला मला तो," मी म्हटलं. "अकरा दिवस त्याच्याबद्दल सांगत होती. हे बघ, इथं बसून."

आणि मग मी तिला सगळं सांगितलं. अकरा वर्षांपूर्वीच्या वसंत पंचमीला एका शिपायानं एक म्हातारी आणून बसवली होती. सुखदेई. लुगडं ओलं, हातात पितळेचा लोटा. म्हणाली, शिवबरन माझ्यासाठी गरम जिलबी आणायला गेलाय. मी पुकारा केला. दिवसभरात तीनदा केला. तिसऱ्यांदा केला तेव्हा कुंपणाबाहेर एक माणूस येऊन उभा राहिला. डाव्या कानात सोन्याची बाळी. म्हातारीचा चेहरा फुलला. म्हणाली, तो बघ, आला. मी उठले. त्या माणसानं तिच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि वळून गर्दीत शिरला. मी अनवाणी पळत लोखंडी पत्र्यांच्या रस्त्यापर्यंत गेले. गेला तो गेलाच. परत आले तर म्हातारी म्हणते कशी, "जिलबी विसरला असेल, आणायला गेला."

पौर्णिमेपर्यंत ती आमच्याकडे बसली. मी रोज पुकारा केला. मग मेळा उठला आणि तिला शहरातल्या म्हाताऱ्यांच्या आश्रमात पाठवलं. मी अधूनमधून जायची, पेरू न्यायची. जेठ महिन्यात, शुद्ध नवमीला, ती गेली. कुणी न्यायला येणार नव्हतंच. माझ्या थोरल्यानं तिला नावेतून घाटावर नेलं आणि अग्नी दिला. मिसिरांच्या, बामणाघरच्या म्हातारीला मल्लाहाच्या पोरानं.

 जगरानाच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. ती म्हणाली, "आम्हांला सांगितलं की स्नान करून आई वाळूत बसली, हात जोडले आणि बसल्या जागी गेली. त्यानं तिथंच गंगेच्या स्वाधीन केली. डोकं भादरून आला, तेरावं घातलं. गाव त्याच्या पाया पडलं. म्हणाले, श्रावणबाळ तो हाच. मी तेराव्याला पोटभर पुऱ्या खाल्ल्या."

मग तिनं विचारलं, "तू हाक कशी मारलीस? नेमके शब्द काय होते?"

मी सांगितले. तिनं ते दोनदा स्वतःशी म्हणून बघितले. तेवढ्यात तिचा पोरगा सतराम आला, आईला बघून रागावला, हसला, हाताला धरून घेऊन गेला. त्याला तिनं काही सांगितलं नाही. जाताना मला एवढंच म्हणाली, "पुढच्या वर्षी त्याचं बारावं."

ते बारावं म्हणजे काय, ते वाळूत राहिलेल्या माणसाला सांगायला नको, पण तरी सांगते. कल्पवासाला बसायचं म्हणजे महिनाभर तंबूत राहायचं, पेंढ्यावर झोपायचं, दिवसातून तीनदा गंगेत बुडायचं, एकदाच जेवायचं, तेही हातानं रांधून. वाळू सोडून जायचं नाही. रागवायचं नाही. आणि खोटं बोलायचं नाही. अशी सलग बारा वर्षं. बाराव्याला पंड्याला, म्हणजे घराण्याची वही राखणाऱ्या तीर्थाच्या भटाला, खाट-गादी दान द्यायची, गावजेवण घालायचं, मग माणूस सुटला. मध्ये एखादा नेम मोडला की पुन्हा पहिल्यापासून. शिवबरन सहासष्ट वर्षांचा. त्याला पुन्हा पहिल्यापासून जमणार नव्हतं, हे त्यालाही ठाऊक होतं आणि त्याच्या बहिणीलाही.

यंदाच्या वसंत पंचमीला सकाळीच ती आली. पिवळं लुगडं, काखेत गाठोडं. घरी सांगून आली होती की एका कल्पवासिनीच्या तंबूत राहणार आहे, पौर्णिमेला पोरगा-सून न्यायला येतील. आली ती थेट त्याच जागी बसली जिथं मी तिला आईची जागा दाखवली होती.

"त्याला हाक मार," ती म्हणाली. "तेच शब्द."

"हा काय खेळ आहे का? हरवलेल्या माणसांचाच पुकारा होतो इथं."

"मग तो कोण आहे?"

"आणि तुझी आई इथं बसली आहे, असं सांगू? खोटं बोलू?"

"तो कल्पवासी आहे, त्याला खोटं चालत नाही. तू थोडीच आहेस?"

मला हसू आलं. मी त्रिभुवनबाबूंकडे बघितलं. त्यांनी विचारलं, "कोण हरवलंय?" मी त्यांच्या कानाशी जाऊन ओरडले, "महुआरीपूरचा माणूस. आईला विसरून गेलाय." ते म्हणाले, "अरेरे, मग लवकर पुकार."

उगाच साळसूदपणा करत नाही, सूड मलाही हवा होता. बारा वर्षं त्या माणसाचं नाव माझ्या तोंडात कडू होऊन बसलं होतं. मी बटण दाबलं.

"महुआरीपूरचे शिवबरन मिसिर, रामअधार मिसिरांचे चिरंजीव. तुमच्या आई सुखदेई हरवलेल्यांच्या छावणीत बसल्या आहेत. तुमची वाट बघत आहेत. जिथं असाल तिथून या."

सकाळी एकदा, दुपारी एकदा, संध्याकाळच्या स्नानाआधी एकदा. रोज.

त्याचा तंबू आमच्यापासून हजारेक पावलांवर, लल्लन महाराज पंड्याच्या कासवाच्या निशाणाखाली. तिकडून पाण्याला येणाऱ्या बायका मला बातम्या द्यायच्या. पहिल्या दिवशी शेजारच्या तंबूतल्यांनी विचारलं, भगतजी, तुमचंच नाव घेतायत की. तो म्हणाला, एका नावाची दहा माणसं असतात. खोटं नाही, खरंही नाही. मोठा हुशार. दुसऱ्या दिवशी कुणीतरी म्हणालं, पण बापाचंही नाव तेच, आणि गावही. त्यानं मौन धरलं. चौथ्या दिवशी त्यानं एक कीर्तनमंडळी बोलावली, पेटी-ढोलक-झांजा घेऊन, आणि नेमक्या माझ्या पुकाऱ्याच्या वेळी जयघोष सुरू केला. मी वेळ बदलली. त्यांनीही बदलली. मग मी ते चहाला थांबायची वाट बघू लागले. ढोलकवाला चहाशिवाय किती वेळ राहणार? त्यानं कप तोंडाला लावला की मी बटण दाबायची.

जगराना त्या दिवसांत पहिल्यांदा हसली. मला आधी "ए मल्लाहिन" म्हणायची, आता थोरल्या बहिणीसारखं "जिज्जी" म्हणायला लागली.

सातव्या दिवशी लल्लन महाराज स्वतः आले. कपाळभर चंदन, खांद्यावर शाल. "गेंदा, हे काय चालवलंयस?" म्हणाले. "माझा यजमान जेवत नाहीये. त्याची आई बारा वर्षांमागे वसंत पंचमीला स्वर्गवासी झाली. माझ्या वहीत लिहिलेलं आहे, खाली त्याची सही आहे."

"मग त्यालाच येऊन सांगू दे," मी म्हटलं. "आई नाही म्हणाला की पुकारा बंद."

"तो व्रतात आहे, त्याला त्रास का देतेस?"

"म्हणून तर. व्रतातला माणूस खरंच बोलेल ना, महाराज?"

 पंडे मूर्ख नसतात. महाराज शाल सावरत गेले आणि पुकारा थांबवायला परत आले नाहीत.

दिवसभर आम्ही दोघी बसून असायचो. जगराना खिचडी टाकायची, हरवलेल्या पोरांची नाकं पुसायची आणि मला आईबद्दल विचारायची. काय खायची? दात होते का? थंडी वाजायची का? लोटा कुठं गेला? मी आठवेल ते सांगायची.

"माझं नाव काढलं कधी?" एकदा तिनं विचारलं.

"रोज. म्हणायची, माझी जगराना फार गुणाची. तिच्या वड्यांसारख्या वड्या कुणाला येत नाहीत. तिला लांब दिली म्हणून, नाहीतर तिनं मला डोळ्याआड होऊ दिलं नसतं."

जगरानानं तोंड फिरवलं आणि खिचडी ढवळत राहिली. खिचडी खाली लागली, तिला कळलं नाही. मला वाटलं, आईच्या आठवणीनं झालं असेल.

पौर्णिमा उजाडली. मेळ्यातलं शेवटचं मोठं स्नान. कल्पवासी सामान बांधतात, तुळस उचलतात, पंड्याचा निरोप घेतात. शिवबरनच्या तंबूपुढे मांडव घातला होता. महुआरीपूरहून दोन ट्रॅक्टर भरून माणसं आली होती. नवी खाट, गादी, मच्छरदाणी, छत्री, चपला, भांडी, सगळं दानाला मांडलं होतं. कढया चढल्या होत्या. मी पुकारा केला. या वेळी कीर्तनमंडळी नव्हती, ती जेवणाच्या पंगतीला बसली होती.

अख्ख्या महुआरीपूरनं आपल्या सुखदेईचं नाव ऐकलं.

थोड्या वेळानं तो आला. पांढरं धोतर, दाढी, अंगावर घोंगडी, कानात तीच बाळी. मागं बायको, दोन पोरगे, लल्लन महाराज, आणि त्यांच्या मागं निम्मा गाव. इतकी माणसं आमच्या कुंपणाला टेकली की बांबू वाकले.

"कोण हाक मारतंय?" तो म्हणाला. आवाज कापत होता, पण राग आवरलेला. बारा वर्षांची सवय. "कशासाठी छळता? माझी आई गेली."

मी माईकचं बटण दाबून ठेवलेलं होतं. ते मी मुद्दाम सोडलं नाही.

जगराना उठली. डोक्यावरचा पदर मागं सारला. "भइया," ती म्हणाली, "कुठल्या तिथीला गेली?"

बहिणीला बघून त्याचा चेहरा उतरला. गावातल्या बायकांत कुजबुज झाली. 

"सांग की. सगळा गाव दर वर्षी पितृपक्षात तुझ्या घरी तिचं श्राद्ध जेवतो. कुठल्या तिथीला?"

"वसंत पंचमीला," तो म्हणाला.

"जेठ शुद्ध नवमीला," मी म्हटलं, आणि ते भोंग्यातून सगळ्या वाळूत गेलं. "शहरातल्या आश्रमात. माझ्या थोरल्यानं अग्नी दिला. मला ओळखलंस? तू या कुंपणाबाहेर उभा होतास आणि ती तुला हात करत होती."

 मग लल्लन महाराज हळूच म्हणाले, "यजमान, आज पौर्णिमा आहे. अजून स्नान व्हायचंय. खरं बोला."

शिवबरननं मान खाली घातली. मला वाटलं, आता हा फुटेल, शिव्या देईल, मला मारायला धावेल. मला तेच हवं होतं. तो शांतपणे म्हणाला, "हो. सोडली."

त्याच्या बायकोनं तोंडात पदर कोंबला.

"रोज अंथरूण ओलं व्हायचं," तो म्हणाला. "पेटती चूल सोडून रानात जायची. नातवाला ओळखायची नाही, काठी घेऊन धावायची. घरात कुणी तिच्याजवळ थांबेना. मीही थांबेना. मी हाक ऐकली होती. आलो होतो. पाय पुढं पडले नाहीत. हे मी कल्पवासात रोज गंगेला सांगत आलो, माणसांना सांगितलं नाही." मग त्यानं मान वर केली आणि बहिणीकडे बघितलं. "माझं झालं. आता तू बोल, जगराना. त्या वर्षी पौषात मी आईला कुणाच्या दारात नेलं होतं?"

जगरानानं मागं सारलेला पदर पुन्हा डोक्यावर ओढला.

"तुझ्या दारात नेलं होतं. तुला म्हटलं, दोन महिने ठेव, माझी बायको माहेरी जातेय, मला झेपत नाही. तू उंबऱ्यात उभी राहिलीस. म्हणालीस, आई लेकीच्या घरचं पाणी पीत नसते, मी ठेवू कशी, सासरचे काय म्हणतील. आई ओट्यावर बसून ऐकत होती. तिला आत ये म्हणाली नाहीस. आपल्यात लेकीच्या घरचं पाणी पीत नाहीत, खरंय. पण ती विहिरीचं पाणी पीत होती, आणि विहीर गावाची होती. तुला ती नको होती. मला नको होती तशीच."

मी जगरानाकडे बघितलं. वर्षभर ही बाई माझ्या डोळ्यांत वाघीण होती. म्हटलं, आता हा खोटा पडणार.

"खरं आहे?" मी विचारलं.

"खरं आहे," ती म्हणाली.

 मला तिचा राग आला, आणि तो कुठं ठेवावा तेच कळेना. शिवबरनच्या मोठ्या पोरानं तेवढ्यात जीभ सोडली. "आत्या, मग तू कोणत्या तोंडानं इथं बसलीस? चला बाबा, हिची लायकी कळली सगळ्यांना."

ते वळणार, तोच जगरानानं माझ्या हातातून माईक घेतला. तिनं तो कधी धरलेला नव्हता, तोंडाला अगदी टेकवला, त्यामुळे भोंगा आधी किंचाळला. मग तिचा आवाज आला.

"ऐका. महुआरीपूरच्या रामअधार मिसिरांची बायको सुखदेई या छावणीत अकरा दिवस बसली होती. तिला एक मुलगा होता, शिवबरन. त्यानं तिला इथं सोडली. तिला एक लेक होती, जगराना. तिनं तिला दारातून परत पाठवली. आई गेली म्हणून कळलं तेव्हा लेकीला बरं वाटलं. म्हणाली, सुटलो. तिला जेठ महिन्यात मल्लाहाच्या पोरानं अग्नी दिला. शिवबरन माझ्यासमोर उभा आहे. बोलतेय ती जगराना."

हे तिनं दोनदा म्हटलं. आम्ही प्रत्येक पुकारा लागोपाठ दोनदा म्हणतो, ते तिनं इथं बसून ऐकून ठेवलं होतं.

शिवबरन म्हणाला, "कशाला स्वतःचीही नाचक्की करून घेतलीस?"

"तुला एकट्याला बुडवता आलं असतं तर तेच केलं असतं," ती म्हणाली. "नाही येत, तर माझ्यासकट. पण तुला सोडत नाही."

तो तिथंच वाळूत बसला. लल्लन महाराजांनी खाट घेतली नाही. मला म्हणाले, बारा वर्षं हा तिथीचं खोटं माझ्या वहीत सही करून ठेवून बसला होता, याचं पहिलं वर्षच झालेलं नाही. नवीकोरी खाट मच्छरदाणीसकट संध्याकाळपर्यंत वाळूत उभी होती आणि त्यावर कुत्रं झोपलं होतं. गावकरी मात्र जेवून गेले. पुऱ्या तळून झाल्या होत्या. त्याला ट्रॅक्टरवर चढवताना त्याच्या बायकोनं हात दिला नाही, पोरांनी दिला, तोही इकडेतिकडे बघत. मी हे सगळं बघितलं आणि मला बरं वाटलं. वाटायला नको होतं, पण वाटलं.

जगराना परत आपल्या जागी येऊन बसली. गाठोडं बांधून मांडीवर घेतलेलं. पोरगा-सून दुपारी न्यायला येणार होते. सतराम याच वाळूत कुठंतरी होता, सकाळी स्नानाला आला होता, आणि भोंगा काय बोलला ते त्यानं ऐकलं नसेल असं होणारच नव्हतं. दुपार झाली. तंबू पडायला लागले, बांबू गाड्यांवर चढायला लागले. आमच्याकडे हरवलेलं म्हणून कुणी उरलं नव्हतं.

मी तिच्याशी बोलणार नव्हते. पण माझ्यानं बघवेना. "त्याला हाक मारते," मी म्हटलं. "सतराम तिवारी, एवढं सांगितलं की येईल."

"नको, जिज्जी."

"का? गर्दीत चुकला असेल."

"हाकेला आलेला नको मला," ती म्हणाली. "बघू दे, न बोलावता येतो का."

मी माईक बंद करून ठेवला आणि तिला चहा दिला. तिनं तो घेतला, सावकाश प्यायली. ऊन पुलापलीकडे गेलं. रस्त्यानं माणसं येत होती, जात होती, आणि प्रत्येक तरुण माणूस दिसला की ती पाठ सरळ करून बसायची. मग थोड्या वेळानं तिनं मला विचारलं नसताना सांगितलं, "माझा सतराम फार गुणाचा आहे."